जयमालाबाईंची साक्ष

समन्स आल्यापासून जयमालाबाई शेडग्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. हायकोर्टात साक्ष द्यायची म्हणजे काय थोडीथोडकी गोष्ट! त्यांनी ती बातमी सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवर पोचवली, वाशीच्या मार्केटात भाजीवाल्यापर्यंत नेली, आणि ज्या शाळेत त्या गणित-विज्ञान शिकवायच्या तिथल्या शिपायालासुद्धा ऐकवली. समोरच्या दारात राहणाऱ्या अरुणा वेलणकरला तर ती रोज नव्याने ऐकावी लागे.

"अरुणा, तू अजिबात टेन्शन घेऊ नको. मी आहे ना! भाऊजींनी मशीन कसं बनवलं, कसं चालवून दाखवलं, सगळं सांगते की नाही बघ."

"हो ताई," अरुणा म्हणाली, आणि गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून तिने दार लावून घेतलं. गॅसवर काहीही नव्हतं.

साक्षीदाराशी केसबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा वेलणकरांचे वकील दिघे यांचा सक्त हुकूम होता. कारण जयमालाबाईंना साक्षीला बोलावलं होतं ते समोरच्या पक्षाने. समन्सवर तसं लिहिलेलंही होतं, प्रतिवादीच्या वतीने म्हणून. पण एका बाजूला फोर्टातली बडी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला तुर्भ्याच्या एका गाळ्यात काम करणारा अरुणाचा नवरा नंदकुमार वेलणकर, म्हटल्यावर केस कोणी कोणावर केली असणार हे बाईंनी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. गरिबाने श्रीमंतावर दावा लावलेला त्यांनी उभ्या आयुष्यात कधी पाहिला नव्हता. तेव्हा प्रतिवादी म्हणजे आपले भाऊजीच, यात त्यांना शंकासुद्धा आली नाही.

खरं तर दावा लावला होता नंदकुमारने.

त्याने केलेली वस्तू दिसायला काहीच नव्हती. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर चार-दोन चिप्स. त्या काळात छोट्या ऑफिसांतून जे कॉम्प्युटर होते ते एका वेळी एकच काम करायचे. प्रिंटर छापायला लागला की छापून होईपर्यंत कीबोर्डपुढचा माणूस हात बांधून बसायचा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी, आणि तो कारभारी जरा मंद होता. नंदकुमारने आपल्या चिपमध्ये दुसरा कारभारी बसवला. हा डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रिंटरकडे चार अक्षरं टाकून परत कीबोर्डकडे यायचा, आणि माणसाला वाटायचं की दोन्ही कामं एकदमच चालली आहेत. नुसत्या प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट नव्हतं, पण हा चिपमध्ये भरून पाटीवर बसवलेला, म्हणून यंत्र म्हणून मान्य झाला. ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये अर्ज केला, आणि पेटंट हातात आलं तेव्हा पंच्याऐंशी साल उजाडलं होतं. त्या दिवशी नंदकुमार घरी आला आणि बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिला. "अरुणा, हे मी केलं, असं सरकारने मान्य केलं," एवढंच म्हणाला.

पुढच्याच वर्षी फोर्टातल्या त्या कंपनीचं नवं मशीन बाजारात आलं. नंदकुमारने एका गिऱ्हाइकाकडे ते उघडून पाहिलं. आत त्याचीच पाटी होती. रंग निळा, एवढाच काय तो फरक. चिपमधला कारभारीसुद्धा तोच. नंदकुमारची एक बारीकशी चूक, जी त्याने पुढे सुधारली होती, तीसुद्धा तिथे जशीच्या तशी होती. चोरी याहून वेगळी काय असते? त्याने कंपनीला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, मग त्याने दावा लावला. कंपनीनेही उलट दावा ठोकला: या माणसाचं पेटंटच रद्द करा.

ते कशाच्या जोरावर, ते कुणालाच कळेना. सफारी घातलेला एक गोड बोलणारा माणूस एक दिवस सोसायटीत येऊन गेला, तेव्हाही कळलं नाही. "नंदकुमारसाहेबांच्या कामाची माहिती गोळा करतोय," असं तो जयमालाबाईंना म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, वर चकल्या दिल्या, आणि शेजाऱ्याचं तोंडभर कौतुक केलं. त्या कौतुकात ब्याऐंशीचं हळदीकुंकूही आलं.

ते हळदीकुंकू अरुणाच्या घरचं. सिडकोच्या त्या इमारतीत सगळे नवेच राहायला आलेले, कुणाची कुणाशी धड ओळख नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं म्हणून अरुणाने महिनाअखेरचा रविवार धरला आणि जिन्या-जिन्यांतून आमंत्रणं केली. नंदकुमारने नुकतीच नोकरी सोडली होती. गाळा अजून मिळाला नव्हता, त्यामुळे त्याचं सगळं बिऱ्हाड बैठकीच्या खोलीत मांडलेलं. जुना टीव्ही, उघडा सांगाडा, मागून आणलेला प्रिंटर.

"अहो, हे उचलून ठेवा की आज," अरुणा म्हणाली होती. मग तिचं तिलाच काही सुचलं. "नाहीतर असं करा. राहू द्या. बायका उखाणे घेतील ना, ते छापून द्या एकेकीला. वाणाबरोबर."

हे तिचंच डोकं. आता सहा वर्षांनी तिला तेच पुनःपुन्हा आठवायचं.

काय मजा आली होती त्या दिवशी! आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहणाऱ्या बायका, हळदीची बोटं पदराला पुसून एकेक अक्षर शोधत उखाणा टाईप करत होत्या. अक्षरं इंग्रजी, उखाणा मराठी, आणि मागे पहिलीचा उखाणा खडखडत छापून येतोय. सगळ्यांत मागे राहिल्या होत्या जयमालाबाई. त्यांनीच विचारलं, "भाऊजी, हे छापतंय पण आणि माझं ऐकतंय पण, हे दोन्ही एकदम कसं काय?"

तोवर नंदकुमारला हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. ज्या ज्या ऑफिसात तो गेला होता तिथे त्याला किंमत विचारली होती, नाहीतर डिग्री. तो एकदम खुलला. सांगाड्यातली पाटी काढून त्याने बायकांपुढे धरली. "वहिनी, तुम्ही एक पोळी तव्यावर टाकता आणि ती भाजेपर्यंत दुसरी लाटता. तव्यासमोर नुसतं उभं कोण राहतं? ही चिप लाटते, मध्येच वळून तव्यावरची उलटते, परत लाटते." मग कोणती चिप कोणाला कधी हाक मारते, ते त्याने खडूने फरशीवर काढून दाखवलं. अरुणा तिळगुळाची वाटी हातात धरून दारात उभी होती. लग्नानंतर नवऱ्याला इतकं आनंदात तिने पाहिलं नव्हतं.

आणि हेच नेमकं कायद्यात बसत नव्हतं.

कंपनीच्या साक्षीदारांत जयमालाबाईंचं नाव आल्यावर दिघे वकिलांनी नवराबायकोला ते ऑफिसात बसवून समजावलं. दिघे जाड चष्म्याचे, तिरसट, पण मनाने चांगले. "पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. अर्जाच्या आधी ती गोष्ट चारचौघांत दाखवली, वापरली, की ती नवी राहत नाही. मग ती तुम्हीच केलेली असली तरी. कायदा असं म्हणत नाही की ती तुमची नव्हती. कायदा म्हणतो, ती तुम्ही वाटून टाकली." मग त्यांनी चष्मा काढला. "वेलणकर, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, अर्जाच्या आधी कुणाला दाखवलं होतं का. तुम्ही म्हणालात, कुणालाही नाही. कोर्टात शपथेवरही तेच सांगितलंत."

"हो," नंदकुमार म्हणाला. "माझ्या डोक्यात... म्हणजे इंजिनिअर, कंपन्या, असं कुणी..."

"आणि त्या तीस-चाळीस बायका?"

नंदकुमारने अरुणाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो खोटं बोलला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. त्याच्या हिशेबी बायका म्हणजे कुणी नव्हत्याच. तिथे काय, हळदीकुंकू होतं. अरुणाला त्याही अवस्थेत राग आला. घर भरून बायकांनी डोळे मोठे करून पाहिलेलं, ते यांच्या लेखी कुणीच पाहिलं नव्हतं. बायकांनी पाहिलं ते पाहिलं असं पहिल्यांदा कुणी धरलं असेल, तर ते या कंपनीच्या वकिलाने. रडावं की हसावं, तिला कळेना.

"वहिनी, त्या दिवशी मशीन घरात नव्हतं असं तुम्ही शपथेवर सांगू शकाल का?" दिघ्यांनी विचारलं. विचारताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

अरुणाने नकारार्थी मान हलवली.

"मग नको," ते म्हणाले. "कागद त्यांच्याकडे एकही नाही. छापलेले उखाणे कुणी इतकी वर्षं ठेवणार आहे? सगळी मदार या शेडगेबाईंच्या आठवणीवर. त्या जरा जरी म्हणाल्या की साल नक्की आठवत नाही, त्र्याऐंशी असेल, तरी आपण वाचलो."

साक्षीच्या आदल्या दिवशी अरुणा साबुदाण्याच्या खिचडीची वाटी झाकून घेऊन समोरच्या दारापर्यंत गेली. फक्त एवढंच म्हणायचं होतं: ताई, साल आठवत नाही म्हणा. चार शब्द. बाईंनी कारणसुद्धा विचारलं नसतं, तिच्यासाठी त्या विहिरीत उडी मारायला तयार होत्या. बेलवर बोट ठेवलं आणि तिला दिसलं की जयमालाबाईंच्या दारावर ताजं तोरण आहे. उद्याच्या साक्षीसाठीच बांधलेलं असणार. या बाईला खोटं बोलायला लावायचं? आणि तेही देवाच्या शपथेवर? ती वाटी घेऊन परत आली. ती खिचडी घरात कुणीही खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीपूल ओलांडून बस मुंबईत शिरली तेव्हा अरुणा आणि नंदकुमार पुढच्या बाकावर होते, आणि मागे जयमालाबाई आपल्या नवऱ्याला, दिनानाथरावांना, पुनःपुन्हा विचारत होत्या की जज्जसाहेबांना नमस्कार करायचा असतो का.

कोर्टात त्यांनी केलाच नमस्कार. निळी इरकली साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. कंपनीचे वकील उठले. काय तो माणूस, चांदीसारखे केस, आवाज मधासारखा. इंग्रजीत विचारत, दुभाष्या मराठीत सांगत असे, पण बाईंना त्या माणसाचं हसणंच पुरेसं होतं. हेच भाऊजींचे वकील, हे त्यांनी त्याच क्षणी ओळखलं.

हळदीकुंकू कुणाकडे होतं? मशीन कुणी चालवलं? तुम्ही स्वतः त्याला हात लावलात का? बाई भडाभडा सांगत गेल्या.

"काय टाईप केलंत, आठवतं का?"

"न आठवायला काय झालं?" आणि भर कोर्टात जयमालाबाईंनी मान किंचित कलती करून उखाणा घेतला:

"यंत्र चालतं विजेवर, संसार चालतो विश्वासावर,
दिनानाथरावांचं नाव आलं कॉम्प्युटरच्या पडद्यावर."

मागच्या बाकांवर हशा पिकला. दुभाष्या गोंधळून उभा राहिला. न्यायमूर्तीही हसले आणि याचं भाषांतर नको, म्हणाले. दिनानाथराव लाजून चूर झाले. एवढ्या माणसांत फक्त अरुणाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमच्या आधीच्या बाईंचं छापून होईपर्यंत तुम्हाला थांबावं लागलं का?"

"छे हो! तीच तर गंमत ना. मागे खडखड चालू, आणि इकडे मी टाईप करतेय. भाऊजींनी पाटी काढून दाखवली आम्हाला. कोणती चिप कोणाला बोलावते ते खडूने काढून समजावलं." बाईंनी तो खडूचा नकाशा बोटाने हवेत काढला, आणि नंदकुमारने डोळे मिटून घेतले, कारण तो बरोबर होता. "इतकं छान सांगितलं, की मी दुसऱ्याच दिवशी नववी ब ला फळ्यावर शिकवलं. असा हुशार माणूस आहे तो, साहेब. उगाच कुणी त्याचं नाव घेत नाही."

चांदीच्या केसांचे वकील वाकून आभार मानून बसले. दिघे उठले. जाड चष्मा, कपाळाला आठी. हा कंपनीचा माणूस, बाईंनी मनात म्हटलं, आणि पदर खोचला.

"बाई, सहा वर्षं झाली. हळदीकुंकू तर दर वर्षी होतं. हे त्र्याऐंशीचं असू शकेल ना?"

"नाही."

"चौऱ्याऐंशीचं?"

"नाही म्हणते ना."

"इतकी खात्री कशी? माणूस विसरतो."

"मी नाही विसरणार, साहेब." जयमालाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "त्याच महिन्यात गिरणीचा संप लागला. आमचे हे गिरणीत हेडक्लार्क. गेट बंद, घरात दोन पोरं, नवीन ब्लॉकचे हप्ते. मी कुठल्या तोंडाने जाणार होते हळदीकुंकवाला? दार लावून बसले होते. ही अरुणा आली, तोवर आमची बोलायची ओळखसुद्धा नव्हती. माझा हात धरून ओढत घेऊन गेली. म्हणाली, ताई, उखाणा घेतल्याशिवाय सोडणार नाही. त्या दिवशी मी किती दिवसांनी हसले, ते माझं मला माहीत. तो दिवस मी कशी विसरेन?" मग त्यांनी दिघ्यांकडे रोखून पाहिलं. "तुम्ही कितीही फिरवून फिरवून विचारा. चांगल्या माणसाचं नुकसान मी माझ्या तोंडाने होऊ देणार नाही."

दिघ्यांनी हातातले कागद खाली ठेवले. ही बाई आपल्याला कोण समजते आहे हे त्यांना तेव्हा उमगलं असावं. त्यांनी एकदा वळून अरुणाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी नंदकुमारच्या खांद्यावर हात ठेवला. निकाल यायला वेळ लागेल, पुढे अपील असतं, वगैरे ते बोलत राहिले. नंदकुमार सगळ्याला हो म्हणत होता. बसमध्ये बसल्यावर मात्र तो इतकंच म्हणाला, "वहिनींनी खडूचा नकाशा अजून लक्षात ठेवलाय, अरुणा. माझ्या हाताखालच्या पोरांना दोनदा सांगूनही तो कळला नव्हता." त्याच्या आवाजात कौतुक होतं. अरुणाला ते ऐकवेना. तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

कुणावर चिडायचं? जयमालाबाईंवर? त्यांनी खरं ते सांगितलं, आणि प्रेमाने सांगितलं. नंदकुमारवर? जन्मात एकदा त्याला कुणी आस्थेने विचारलं आणि तो बोलला. स्वतःवर म्हणावं, तर एका घाबरलेल्या बाईचा हात धरून तिला घरी आणणं हा गुन्हा कसा मानायचा? तिने तोही मानून पाहिला, पण तो मनाला पटेना. जो खरा चोर होता त्याचं नाव दिवसभरात कुणी घेतलंही नव्हतं.

दिवेलागणीला बेल वाजली. जयमालाबाई दारात, हातात शिऱ्याची वाटी. गजरा अजून डोक्यात होता.

"तोंड गोड कर आधी. भाऊजी कुठेत? झोपले? झोपू दे, दमले असतील बिचारे." त्या आत येऊन बसल्या. "काय गं तो चष्मेवाला! कंपनीचा ना? कसला खवट मेला. मला वाटलं आता गोंधळवून टाकतोय. पण मी बधले नाही."

अरुणा वाटी हातात घेऊन उभी होती. आतल्या खोलीत नंदकुमार जागा होता. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, हे तिला इथून दिसत होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मग ही बाई त्या रात्रीपासून आयुष्यात पुन्हा कुणाचं कौतुक करताना दहादा विचार करेल. तो संपाच्या महिन्यातला एकच हसरा दिवस, तोही तिच्याकडून जाईल. एका दिवसात दोन घरांचं वाटोळं कशाला करायचं?

जाताना अरुणाने त्यांना थांबवलं, देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि हळदीकुंकू लावलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि अचानक वळल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा काळजीत दिसला.

"अरुणा, खरं सांग हं. माझं काही चुकलं तर नाही ना?"

"नाही ताई," अरुणा म्हणाली. "एक शब्दसुद्धा चुकला नाही."